तुम्ही विचारलंत म्हणून: स्ट्रिक्ट, लेझी आणि लीनियंट

‘हॅस्केल ही प्रोग्रामिंगची भाषा लेझी आहे म्हणून मेमरी खाते, मग स्ट्रिक्ट भाषा का नाही वापरत?’ हा प्रश्न ठरलेला. त्यावर लीनियंटचं नाव काढलं की पुढचा प्रश्नही ठरलेला: ‘म्हणजे थोडं लेझी, थोडं स्ट्रिक्ट, असंच ना?’

नाही, असं नाही. इथे दोन वेगळे प्रश्न एकत्र कालवले जातात. आर्ग्युमेंटची व्हॅल्यू हाती नसताना फंक्शन उत्तर देऊ शकतं का, हा पहिला. देऊ शकत असेल तर भाषा नॉन-स्ट्रिक्ट, नाहीतर स्ट्रिक्ट. त्या आर्ग्युमेंटचा हिशेब सुरू कधी करायचा, हा दुसरा. लेझी पद्धतीत कुणी मागेल तेव्हा, आणि एकदाच. लीनियंटमध्ये लगेच, पण त्यासाठी फंक्शन अडून राहत नाही. म्हणजे लीनियंट पूर्ण नॉन-स्ट्रिक्ट आहे, फक्त आळशी नाही. हॅस्केलचा रिपोर्टही, म्हणजे भाषेची अधिकृत व्याख्या, भाषेला नॉन-स्ट्रिक्टच म्हणतो. लेझी हा जीएचसीने, म्हणजे हॅस्केलच्या मुख्य कंपायलरने, निवडलेला मार्ग आहे.

मग मेमरी खातं कोण? एक कोटी इंटची, म्हणजे पूर्णांकांची, सरासरी घ्या, एकाच फेरीत, टपलमध्ये (दोन व्हॅल्यूंच्या जोडीत) बेरीज आणि संख्या सांभाळत. साधं फोल्डएल, म्हणजे लिस्टमधला एकेक घटक घेत हिशेब पुढे नेणारं फंक्शन, वापरलं की मेमरी फुगते. कुणीतरी फोल्डएल प्राइम, म्हणजे दर पायरीला हिशेब पुढे रेटणारा त्याचा भाऊ, सुचवतं. तरी फुगते, आणि इथेच बहुतेक जण लेझीच्या नावाने बोटं मोडून निघून जातात. पण फोल्डएल प्राइम ॲक्युम्युलेटरला (आतापर्यंतच्या हिशेबाला) वीक हेड नॉर्मल फॉर्मपर्यंतच नेतं, म्हणजे सगळ्यांत बाहेरचा कन्स्ट्रक्टर दिसेपर्यंत. टपल दिसलं की त्याचं काम झालं. आतली बेरीज थंक, म्हणजे नंतर करायचा राखून ठेवलेला हिशेब, होऊन पडून राहते, पुढच्या पायरीची तिच्यावर चढते. ६४ बिटच्या जीएचसीत थंकला दोन वर्ड (एक वर्ड म्हणजे ८ बाइट) लागतात आणि पकडलेल्या प्रत्येक व्हेरिएबलला आणखी एक. ऑप्टिमायझेशनशिवाय हिशेब असा: बेरजेचा थंक ३२ बाइट, मोजणीचा २४. घटकामागे ५६, कोटीला ५६ कोटी बाइट. अडकून पडलेले आकडे वेगळे, आणि कॉपी करत निकामी मेमरी मोकळी करणाऱ्या गार्बेज कलेक्टरला वर आणखी जागा हवी. शेवटी भागाकार मागणी करतो तेव्हा कोटी थंकांची साखळी उलगडायला स्टॅकही तितकाच खोल जातो.

इलाज छोटा आहे. टपलच्या आतल्या दोन्ही पॅटर्नवर बँग (‘!’, म्हणजे हिशेब आत्ताच कर अशी खूण) लावा, नाहीतर दोन स्ट्रिक्ट फील्डचा स्वतःचा डेटा टाइप करा. जीएचसीचं ‘स्ट्रिक्ट’ एक्स्टेन्शन लावून सुटाल असं समजू नका. ते फक्त बाहेरच्या पॅटर्नला बँग लावतं, आतल्यांना नाही.

आता हाच फोल्ड लीनियंट भाषेत. दोन्ही आकडे तयार असले की बेरीज होऊन जाते, साखळी बनतच नाही. एमआयटीत अरविंद आणि निखिल यांच्या गटाने डेटाफ्लो मशीनसाठी, म्हणजे आकडे हाती आले की काम सुरू करणाऱ्या यंत्रासाठी, आयडी भाषा अशीच पुढे नेली. नंतरच्या पीएच भाषेला हॅस्केलचा पेहराव होता. या भाषांत ॲरेची न भरलेली जागा वाचली तर वाचणारा थांबून राहतो, आकडा आला की पुढे जातो. ‘अ म्हणजे १, ब म्हणजे अ अधिक १’ अशी जोडी स्वतःच्याच आधाराने एकाच टपलमध्ये लिहिली तर लेझी आणि लीनियंट दोघी ती सोडवतात. ओकॅमल ही स्ट्रिक्ट भाषा ती घेतच नाही.

म्हणजे दोष नॉन-स्ट्रिक्टपणाचा नाही, उशिराचा आहे. पूर्वी मी ‘लेझीच’ असं एका शब्दात सांगून मोकळा व्हायचो. तो जुना मी इथे हटकेल: मग उशीर सोडूनच दे की! तेही जमत नाही. स्वतःचं ‘जर’ फंक्शन लिहून त्यातून फॅक्टोरियल काढा. भाषेतलं मूळ ‘जर’ लीनियंटमध्येही अट कळेपर्यंत थांबतं, पण तुमचं फंक्शन नाही. शून्याचं उत्तर १ हाती पडतं आणि मागे उणे एक, उणे दोन करत रिकर्शन (फंक्शनचं स्वतःलाच बोलावणं) धावतच राहतं. अनंत लिस्टमधले पहिले दहा घेतले तरी तेच: दहा मिळतात, पण लिस्ट बनवणारा थांबत नाही. तिथे मला अजूनही लेझीच हवी, आणि सरासरीच्या त्या फोल्डमध्ये अजिबात नको.