फिल्टरखालचं दुसरं रबर

2023 सालची गोष्ट. गणपती तोंडावर आले होते आणि साताऱ्याच्या ज्या अधिकृत वर्कशॉपमध्ये मी फ्लोअर सुपरवायझर होतो तिथे रोज वीस-बावीस गाड्या सर्व्हिसिंगला लागत होत्या. त्या गर्दीत दुपारी टोइंगवाल्याने एक पांढरी हॅचबॅक आणून सोडली. सोबत गाडीच्या मालकीण, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षिका.

पुण्याहून येताना खंबाटकी चढत असताना डॅशबोर्डवर किटलीचं चित्र असलेला लाल दिवा लागला. घाटात कडेला थांबायला जागा नाही, मागे ट्रक. वळण ओलांडून जागा मिळेपर्यंत इंजिनातून टकटक सुरू झाली आणि गाडी बंदच पडली. गाडी जेमतेम 13,000 किलोमीटर चाललेली, वॉरंटीतली. आणि चारच दिवसांपूर्वी आमच्याकडे ऑइल बदलून गेलेली.

मॅनेजरसाहेबांनी आधी कागद मागितले. बाईंनी सगळे दिले, त्यात गावाकडच्या एका गॅरेजचं बिलही होतं. आमच्याकडे येण्याच्या आधी एकदा त्यांनी तिथे ऑइल आणि फिल्टर बदलून घेतला होता. साहेबांनी त्या बिलावर बोट ठेवलं. "बाहेर काम केलंय. वॉरंटी बाद." बॉनेटसुद्धा अजून उघडलेलं नव्हतं.

हे वाक्य मी पंधरा वर्षं ऐकतोय आणि अजूनही मला ते पटत नाही. 2014 साली भारतीय स्पर्धा आयोगाने 14 मोटार कंपन्यांना दंड केला, त्याच आदेशात स्पष्ट म्हटलंय की बाहेर काम केलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नये. त्या कामामुळे जेवढं नुकसान झालं असेल तेवढ्यापुरतीच नाकारावी. प्रकरण पुढे अपिलात गेलं, पण विचार साधा आहे. आधी नुकसान कशानं झालं ते बघा. बाईंच्या बिलावर तर 5डब्ल्यू-30 असं लिहिलेलं होतं, कंपनीच्या पुस्तकात होता तोच ऑइलचा ग्रेड.

मी गाडी रॅम्पवर घेतली. डिपस्टिक कोरडी ठणठणीत. खालचं शील्ड तेलानं माखलेलं. तेल सोडायचा ड्रेन नट घट्ट, वॉशर नवा. मग फिल्टरकडे बॅटरी मारली. त्याचं रबर एका बाजूनं जिभेसारखं बाहेर आलं होतं. फिल्टर हातानंच फिरवून काढला, त्याचं रबर त्याच्यासोबत आलं. पण इंजिनाच्या ज्या तोंडावर फिल्टर बसतो तिथे अजून एक काळी गोल कड दिसत होती. नखानं खरवडली तशी ती उचलली गेली. आधीच्या फिल्टरचं रबर, चपटं होऊन चिकटून बसलेलं.

कुकरला एकावर एक दोन गास्केट लावली तर शिट्टीआधीच वाफ कडेनं सुटेल, तसंच हे. चार दिवस धरलं, घाटात इंजिनावर जोर आला आणि रबर सरकलं. दाबाखालचं सगळं तेल बाहेर. लाल दिवा ऑइल कमी झालं म्हणून लागत नाही, ऑइलचा दाब गेला म्हणून लागतो. तो लागला तेव्हा क्रँक, म्हणजे इंजिनाचा फिरणारा दांडा, आणि त्याच्या बेरिंगमधला तेलाचा पापुद्रा फाटत होता. पुढे प्रत्येक सेकंद धातूवर धातू. चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, उतरवलं तेव्हा तळाच्या कपभर तेलात जरीसारखी चमक होती, आणि शेल्सचा, म्हणजे बेरिंगच्या पातळ पाट्यांचा, करडा थर जाऊन खालचं तांबूस उघडं पडलं होतं.

साहेब म्हणाले, "चिकटलेलं रबर बाहेरच्या गॅरेजचं आहे ना? तसं लिहा. आणि दिवा लागूनही गाडी चालवली हेही लिहा."

रबर त्या गॅरेजचंच होतं. बसवताना त्याला तेलाचं बोट लावलं नसेल, म्हणून चिकटलं असेल. पण जुना फिल्टर काढल्यावर रबर सोबत आलं का ते पाहणं, तोंडावरून फडकं फिरवणं हे काम आमचं होतं. मी जॉबकार्डवर तसंच लिहिलं, फोटो जोडले आणि सही केली. साहेब दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

कंपनीच्या वॉरंटीत हे बसतच नव्हतं, कारण दोष कारखान्यातला नव्हता. भरपाई वर्कशॉपनेच द्यायला हवी होती. मी बाईंना बाजूला नेऊन सांगितलं, "मॅडम, नकार दिला तर लेखी मागा. तोंडी ऐकून घेऊ नका. आणि 1915 हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर टिपून ठेवा." माझी नोकरी तिथली असताना हे सांगताना हात थरथरत होते, पण त्यांना ते कळणं भाग होतं.

तिसऱ्या दिवशी वर्कशॉपचे मालक आले. ट्रेमध्ये मी दोन्ही रबरं शेजारी शेजारी ठेवली होती. त्यांनी ती हातात घेतली, मग ज्या पोराने ऑइल बदललं होतं त्याला बोलावलं. एकोणीस वर्षांचं पोर. तो म्हणाला, "मालक, त्या दिवशी मी तोंड पुसलं नाही. पुढची गाडी लागली होती." एवढंच. मालकांनी खर्च वर्कशॉपच्या खात्यावर टाकायला सांगितला आणि पोराला कामावर ठेवलं.

इंजिन खोलून पुन्हा बांधायला बरेच दिवस लागले. क्रँक ग्राइंडिंगला गेला, शेल्स नवे आले. फिल्टर मी त्या पोराकडूनच बसवून घेतला. त्यानं तोंड दोनदा पुसलं, रबराला तेल लावलं, टेकल्यावर हातानंच पाऊण फेरा दिला.

गाडी न्यायला बाई आल्या तेव्हा मी त्यांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. चावी फिरवली, किटलीचा लाल दिवा लागला आणि त्यांचा हात एकदम मागे आला.

"थांबा मॅडम, स्टार्ट करा," मी म्हटलं.

इंजिन सुरू झालं. दिवा विझला. तरी बराच वेळ त्यांची नजर तिथून हलली नाही.