हर्मिट क्रॅब पाळायचा असेल तर आधी हवेचा विचार करा

व्हिडिओ कॉलवर माझ्या मागे जी काचेची टाकी दिसते त्यात नक्की काय आहे असं बऱ्याच जणांनी विचारलं, आणि दरवेळी घाईत अर्धवट सांगितलं जातं, म्हणून आज जरा नीट लिहितेय. त्यात हर्मिट क्रॅब आहेत. रिकाम्या शंखात शिरून राहणारे, जमिनीवरचे खेकडे. मी राहते तिकडे हे बरेच लोक पाळतात, मुलांचा पहिला प्राणी म्हणून घेऊन देतात, आणि विकणारे तारेचा एक पिंजरा, एक स्पंज, थोडे रंगीत खडे आणि रंगवलेला शंख हातात देऊन सांगतात की झालं, अजून काही लागत नाही. हे ऐकलं की मला खरंच राग येतो, कारण नीट सांभाळला तर हाच प्राणी 30 वर्षांच्या वरही जगू शकतो आणि त्या पिंजऱ्यात बरेचदा काही महिन्यांत मरतो.

कारण साधं आहे. तो राहतो जमिनीवर पण श्वास घेतो कल्ल्यांनी, आणि कल्ले ओलसर असतील तरच त्याला हवेतला ऑक्सिजन घेता येतो. घरातली कोरडी हवा, त्यात हीटर चालू असला तर आणखीच कोरडी, म्हणजे त्याच्यासाठी हळूहळू गुदमरणंच. एका दिवसात काही दिसत नाही, म्हणून लोकांना वाटतं चांगला होता, अचानक कसा गेला.

त्यामुळे टाकी काचेची आणि वर घट्ट झाकण. आतली ह्युमिडिटी, म्हणजे हवेतला ओलावा, 80 टक्क्यांच्या आसपास, 75 च्या खाली जाऊ द्यायची नाही, आणि तापमान साधारण 24 ते 29 अंश. दोन्ही मोजायला डिजिटल मीटर घ्या, काट्यावाले स्वस्त मीटर बरेचदा चुकीचं दाखवतात. हीट मॅट (विजेवर गरम होणारी पातळ चटई) लागलीच तर टाकीच्या मागच्या भिंतीला बाहेरून लावायची, तळाखाली कधीच नाही, कारण गरम झालं की खेकडा गारव्यासाठी खाली खणत जातो आणि खालीच आच असेल तर बिचारा जाणार कुठे?

तळाला वाळू आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), साधारण पाच भाग वाळूला एक भाग कोकोपीट, मुठीत दाबलं की आकार टिकेल पण पाणी गळणार नाही इतपत ओलं. थर निदान 15 सेंटीमीटर, आणि खेकडा मोठा असेल तर त्याच्या उंचीच्या तिप्पट. एवढी वाळू कशाला असं सगळेच विचारतात. तर ती कात टाकायला.

कात टाकण्याबद्दल मला जरा जास्त लिहायचंय कारण नवीन माणूस इथेच घाबरतो. वाढायचं म्हणजे त्याला अंगावरचं कडक कवच सोडावं लागतं, त्यासाठी तो वाळूत खोल जातो आणि छोटा असेल तर काही आठवडे, मोठा असेल तर दोन महिने किंवा जास्तही वर येत नाही. या काळात त्याला उकरून बघायचं नाही. कितीही काळजी वाटली तरी नाही. नवीन कवच सुरुवातीला इतकं मऊ असतं की धक्क्यानेही इजा होते, आणि जुनं कवच तो तिथेच बसून खातो कारण त्यातलं कॅल्शियम त्याला परत हवं असतं. तुटलेला पायसुद्धा कात टाकताना परत येतो. कधी कात वाळूवरच पडलेली दिसते, पाय, नांगी सगळं जागच्या जागी, आणि मेला म्हणून लोक टाकून देतात. ते पोकळ आणि हलकं आहे का बघा. खरंच मेला असेल तर कुजलेल्या माशासारखा वास येतो आणि तो वाढतच जातो.

पाणी दोन वाट्यांत, एक गोडं, एक खारं, आणि दोन्हीतलं क्लोरीन काढलेलं. नुसतं रात्रभर उघडं ठेवून क्लोरीन जातं पण नळाच्या पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर ते तसं जात नाही, म्हणून ही दोन्ही काढणारं मत्स्यालयाचं कंडिशनर वापरा. खाऱ्यासाठी समुद्री मत्स्यालयाचंच मीठ, स्वयंपाकघरातलं अजिबात नको. वाटीत चढ-उतार करायला दगड ठेवा. हे खेकडे वाटीत उतरून शंखात पाणी भरून ठेवतात.

आता शंख. रंगवलेले घेऊ नका, रंगाचे टवके निघतात आणि पोटात जातात. कॅरिबियन जातीच्या खेकड्यांना गोल तोंडाचे टर्बो शंख आवडतात, वेगवेगळ्या मापाचे, प्रत्येक खेकड्यामागे निदान तीन-चार तरी ठेवा, नाहीतर एकमेकांना शंखातून ओढून काढतात. शंख बदलताना एकदा तरी बघाच. आधी रिकामा शंख गोल फिरवतो, नांगी आत घालून चाचपतो, मिशा आत-बाहेर, परत फिरवतो, असं कितीतरी वेळ, आणि मग एका क्षणात जुन्यातून बाहेर येऊन नव्यात शिरतो. त्या क्षणी त्याचं मऊ, एका बाजूला वळलेलं पोट दिसतं आणि कळतं की शंखाशिवाय हा किती उघडा आहे.

खाणं सोपं: फळं, भाज्या, समुद्री शेवाळ, सुकी कोळंबी, वाळलेली पानं, अंड्याचं टरफल किंवा कटलबोन (कटलफिशचं आतलं पांढरं हाड). मीठ-मसाला नाही. तयार खाद्यात कॉपर सल्फेट किंवा इथॉक्सिक्विन ही रसायनं लिहिलेली असतील तर ते घेऊ नका. खातात ते रात्री, दिवसा शांत असतात. आणि एकटा ठेवू नका, ते कळपात राहणारे आहेत.

अजून एक, हातात घेऊन खेळायचा हा प्राणी नाही. घाबरला की नांगीने पकडतो आणि सहज सोडत नाही. मुलांना बघू द्या, टाकीत फांद्या, चढायला जाळी, लपायला जागा असली की बघण्यासारखं खूप असतं.

विकत घेण्याआधी हे माहीत असू द्या की त्यांची पिल्लं सुरुवातीचे आठवडे समुद्रात तरंगत वाढतात, घरी पैदास करणं फार अवघड, मोजक्याच हौशी लोकांना जमलंय, त्यामुळे दुकानातले जवळजवळ सगळे किनाऱ्यावरून पकडून आणलेले असतात. म्हणून मी दत्तक घ्या असंच म्हणेन. कंटाळून देऊन टाकणारे बरेच असतात आणि ते टाकी, शंखही सोबत देतात. घरी आणल्यावर बरेचसे थेट वाळूत जाऊन बसतील, खाणार नाहीत, दिसणार नाहीत. पाणी आणि खाणं बदलत राहा, झाकण उगाच उघडू नका.