गुरुवारची परिषद, शुक्रवारची ड्युटी लीव्ह: माझा अनुभव

प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या विद्यापीठांतले शैक्षणिक सल्लागार एकत्र येतात त्या ऑनलाइन प्रादेशिक परिषदेला गोव्यात बसून हजर राहणं मुळीच अवघड नाही. हजर राहिलो हे आपल्याच कॉलेजच्या ऑफिसला कागदावर पटवून देणं मात्र फार अवघड आहे. सारांश पाठवणं, नोंदणी, लिंक येणं हे सगळं विनासायास झालं. माझं प्रकरण अडलं ते ड्युटी लीव्हवर, म्हणजे कॉलेजच्या कामासाठी मिळणाऱ्या रजेवर, तेही एका तारखेवरून. नियमात अडथळा कुठेच नव्हता, म्हणून त्याची चीड अजून जात नाही.

परिषद आपल्या उपयोगाची आहे हे आधी सांगतो. नव्या शैक्षणिक धोरणानंतर आपल्याकडचा मेंटॉर, म्हणजे मुलांचा मार्गदर्शक, हा हजेरीची चौकशी करणारा शिक्षक राहिलेला नाही. मेजर म्हणजे मुख्य विषय कोणता, मायनर म्हणजे दुय्यम कोणता, तीन वर्षांची 120 क्रेडिट (अभ्यासाचे श्रेयांक) की चार वर्षांची 160, मध्येच बाहेर पडलं तर हातात काय राहतं, हे सगळं मुलं त्यालाच विचारतात. अमेरिकेतल्या हवाई राज्याच्या विद्यापीठाचे 10 कॅम्पस वेगवेगळ्या बेटांवर आहेत, त्यातली 7 कम्युनिटी कॉलेजं. एका बेटावर दोन वर्षं शिकून दुसऱ्या बेटावर पदवी पुरी करणारा विद्यार्थी ही त्यांची रोजची गोष्ट. 1968 मध्ये सुरू झालेलं दक्षिण प्रशांत विद्यापीठ तर 12 देशांचं मिळून आहे. एका कॉलेजातली क्रेडिट दुसरीकडे नेताना कुठे गळती होते हे या लोकांना पाठ आहे.

आता घड्याळ. परिषदेचं वेळापत्रक हवाईच्या वेळेने असतं. हवाई आपल्यापेक्षा साडेपंधरा तास मागे आहे. सोपा हिशेब असा: हवाईची वेळ घ्या, सकाळची रात्र किंवा दुपारची पहाट करा, म्हणजे बारा तास पुढे जा, आणि वर साडेतीन तास मिळवा. तिथे दुपारचे 2, तर इथे पहाटेचे साडेपाच. तारीख बदलते कुठे, तर हवाईच्या सकाळी साडेआठला. कार्यक्रम गुरुवारी सकाळी 8 ते दुपारी 4 असेल, तर गोव्यात उद्घाटन गुरुवारी रात्री साडेअकराला सुरू होतं, भाषण चालू असतानाच शुक्रवार लागतो आणि समारोप शुक्रवारी सकाळी साडेसातला होतो. ग्वामवाले तेव्हा आपल्या साडेचार तास पुढे, फिजीवाले साडेसहा तास पुढे, म्हणजे तेही शुक्रवारातच असतात. हवाईत उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत, कॅलिफोर्नियात करतात. म्हणून पत्रिकेत वेळेपुढे नुसतं ‘पॅसिफिक’ छापलं असेल, तर ती कॅलिफोर्नियाची वेळ आहे की बेटांची, हे ईमेल करून विचाराच.

माझा निबंध पहाटेच्या सत्रात होता. रात्रभर जागून शुक्रवारी नऊचा तास घेणं शक्य नाही, म्हणून शुक्रवारची ड्युटी लीव्ह मागितली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2018 च्या नियमांत परिषदेसाठी ही रजा आहे, शैक्षणिक वर्षात जास्तीत जास्त 30 दिवस, पूर्वपरवानगीने. परवानगी होती. अर्ज परत आला तो या शेऱ्यासह: ‘प्रमाणपत्रावरील तारीख व रजेची तारीख जुळत नाही.’

शेरा खोटा नव्हता. परिषदेचं प्रमाणपत्र यंत्रणेतून आपोआप निघतं. त्यावर यजमानांची तारीख असते आणि तास कुठेच नसतात. ऑफिसच्या रजेच्या फॉर्ममध्येही ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ एवढेच रकाने, वेळेला जागाच नाही. सुचवण्यात आलं की गुरुवारची रजा टाका. ही सूचना कधीही मानू नका. गुरुवारी तुमची बायोमेट्रिक हजेरी आहे, तास घेतल्याची नोंद आहे, आणि पुढे बढतीच्या फाइलमध्ये हीच विसंगती वर येते. दुसरी सूचना कॅज्युअल लीव्हची. तीही नाकारा, वर्षाला आठच मिळतात आणि हे काम कॉलेजचंच आहे.

मग फाइल या टेबलावरून त्या टेबलावर. बोलणारे सगळे सौजन्याने बोलत होते, पण सही कुणी करत नव्हतं, कारण ‘एकच कार्यक्रम दोन तारखांना कसा’ याचं उत्तर फाइलमध्ये नव्हतं. तोंडी समजावून उपयोग होत नाही, कारण ऐकणाऱ्याला ते पुढे कुणाला तरी लेखी द्यायचं असतं. शेवटी मी एका पानाची टीप जोडली. तीन ओळींचा तक्ता: होनोलुलू, जागतिक प्रमाणवेळ, भारत, प्रत्येकापुढे वार, तारीख, सुरुवात, शेवट. खाली एक उदाहरण दिलं. स्वतंत्र सामोआतलं अपिया आणि अमेरिकन सामोआतलं पागो पागो ही सामोआ बेटसमूहातली दोन गावं, दोन्हीकडे घड्याळात तीच वेळ, पण तारखेत एका दिवसाचा फरक, कारण स्वतंत्र सामोआने 2011 मध्ये 30 डिसेंबर गाळून आंतरराष्ट्रीय तारीखरेषा ओलांडली. हे उदाहरण वाचल्यावर हेड क्लार्कनी मान हलवली. सोबत आयोजकांचं पत्र हवंच. त्यात एकच वाक्य पुरतं: अमुक व्यक्तीने अमुक सत्रात निबंध सादर केला, ती वेळ भारतीय प्रमाणवेळेनुसार अमुक तारखेला इतके ते इतके वाजता होती. सही झाली तेव्हा खरोखर हायसं वाटलं.

हे पत्र परिषदेनंतर मागू नका, निबंध स्वीकारल्याचा ईमेल आला की त्याच उत्तरात मागा. नंतर मागितलं तर दिवस जातात. आपल्या शनिवारी सकाळी नऊला पाठवलेला ईमेल तिथे शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला पोचतो, ऑफिस बंद. उत्तर यायला आपल्या सोमवारी रात्रीचे साडेअकरा वाजतात, तेही लवकरात लवकर. पूर्वपरवानगीच्या अर्जातही दोन्ही तारखा लिहा.

नोंदणी ज्या ईमेलने केली त्याच ईमेलने झूममध्ये शिरा. हजेरीचे तास त्यावरून मोजले जातात आणि फोनवरून दुसऱ्या नावाने आलात तर प्रमाणपत्र निघतच नाही.

स्लाइड चित्रफितींशिवाय, एक-दोन एमबीच्या पीडीएफमध्ये, आदल्या दिवशीच पाठवा. काही बेटांवर अजून उपग्रहाची जोडणी आहे. भूस्थिर उपग्रहातून प्रश्न जाऊन उत्तर यायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो, तेव्हा प्रश्न विचारल्यावर थांबा, नाहीतर दोघांचे आवाज एकमेकांवर आदळतात. जानेवारी 2022 च्या ज्वालामुखीच्या स्फोटात टोंगाची समुद्राखालची केबल तुटली होती. एखादा वक्ता अचानक गायब झाला तर त्याला दोष देऊ नका.

पावसाळ्यात परिषद असेल तर राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या, नुसता लॅपटॉप चालू राहून काही होत नाही. रस्त्याकडची खिडकी सहाच्या आधी बंद करा. सायकलवरून पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा माइक अगदी स्पष्ट पकडतो, आणि शेवटची प्रश्नोत्तरं नेमकी त्याच वेळेला येतात.