तुम्ही विचारलंत म्हणून : टॉम उत्तर देतो, मग येत का नाही?

अमेरिकेत शिकारीचं लायसन्स नव्यानं काढलेले मराठी लोक दर वसंतात एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. पहाटे रानात टर्कीचा नर, म्हणजे टॉम, ओरडतो. आपण मादीचा आवाज काढला की उत्तर देतो. दोन-चारदा देतो, मग गप्प होतो आणि दिसत तर नाहीच. चुकतं कुठे? आणखी महागाचा कॉल, म्हणजे मादीचा आवाज काढायचं साधन, घ्यावा का?

घेऊ नका. साधा, स्वस्तातला कॉल पुरतो. चूक बहुतेकदा बसायच्या जागेत आणि उतावळेपणात असते. (भारतातूनही कुणी कुणी विचारतं, म्हणून सांगून टाकते: आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली पक्ष्यांची अशी शिकार बंद आहे. पुढचं सगळं अमेरिकेपुरतं.)

टर्कीत मुळात मादी नराकडे जाते. टॉम झाडावरून ओरडतो, खाली उतरून पिसारा फुलवतो आणि आवाजाच्या रोखानं माद्या येतात. शिकारी नेमकं उलटं मागतो: नरानं यावं. तुम्ही जितका जास्त आवाज कराल तितकी टॉमची खात्री पटते की ही मादी आतुर आहे, येईलच. मग तो साठ-सत्तर यार्डांवर थांबून वाट बघतो. तुम्हीही बघता. पहिली मोठी चूक ही, अति बोलणं.

तो झाडावर असताना तीन-चार हलके ‘येल्प’, म्हणजे मादीच्या साध्या हाका, पुरतात. त्यानं उत्तर दिलं की थांबा, तुम्ही कुठे आहात हे त्याला कळलंय. तो उतरल्यावर पाच-सात स्वरांची एक येल्पमाळ काढा आणि पंधरा मिनिटं गप्प बसा. तो जवळ येत असेल तर कॉल खाली ठेवा. थबकला तर हातानं पाला दोनदा खरवडा, जरा थांबा, पुन्हा एकदा खरवडा. मादी दाणे हुडकताना असाच आवाज होतो आणि कुठल्याही कॉलपेक्षा तो खरा वाटतो. स्लेट कॉल म्हणजे काडी घासून वाजवायची पाटीची चकती. तिच्यावर काडी जोरात दाबली तर ‘क्लक’ या मादीच्या शांत, तुटक हाकेऐवजी ‘पट’ निघतो. ‘पट’ ही धोक्याची हाक आहे, ती ऐकून टॉम चालू लागतो आणि नवख्याला वाटतं, नशीबच फुटकं. स्लेटवर बोटांचं तेल लागू देऊ नका, बारीक पॉलिश पेपरनं ती अधूनमधून खरखरीत करा. बॉक्स कॉलला, म्हणजे झाकण घासून वाजवायच्या लाकडी पेटीला, रबर बँड लावा, नाहीतर चालताना तो खिशात कुंईकुंई करतो.

आता जागा. टॉम रात्री कुठल्या झाडावर बसतो हे आदल्या संध्याकाळीच हुडकायचं असतं. अंधार पडताना घुबडाचा आवाज काढला की तो दचकून ओरडतो आणि पत्ता लागतो. दिवसा त्यासाठी कावळ्याचा कॉल वापरा. तयारी नसताना मादीचा कॉल वाजवून ‘आहे का बघू’ करू नका. तो साठ यार्डांवर असला आणि तुम्ही वाटेत उभे असलात, तर तो दिवस गेला. सकाळी सूर्योदयाच्या तासभर आधी झाडाला पाठ लावून बसलेलं असावं, टॉमच्या झाडापासून शंभर ते दीडशे यार्डांवर. टर्कीला अंधारात नीट दिसत नाही, पण फांदीवरून पाल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. जवळ जायचा मोह आवरा, विशेषतः पालवी फुटायच्या आधी.

तुमच्या आणि त्याच्या मध्ये ओढा, तारेचं कुंपण किंवा घळ नको. त्याला पंख आहेत, पण मादीच येणार असताना तो ते हलवण्याची तसदी घेत नाही. बैठक शक्यतो त्याच्या पातळीवर किंवा थोडी वर असावी.

मोकळ्या मैदानाच्या कडेला बसणं ही चूक इतर चुकांत सगळ्यात कमी ओळखली जाते. शंभर यार्डांवरून टॉमला सगळं मैदान दिसतं. आवाज आला तिथे मादी नाही, हेही दिसतं. तो थांबतो. त्याऐवजी उंचवट्याच्या किंवा रस्त्याच्या वळणाच्या अलीकडे असं बसा, की आवाजाची जागा दिसायला त्याला तीस-पस्तीस यार्डांत यावंच लागेल. ही एक गोष्ट जमली तर कॉल यथातथा असला तरी चालतं.

बसताना झाड खांद्यापेक्षा रुंद आणि डोक्यापेक्षा उंच हवं. पाठही झाकते आणि मागून येणाऱ्या शिकाऱ्यापासून आडोसाही मिळतो. उजव्या हातानं नेम धरणाऱ्यानं डावा खांदा टॉमच्या दिशेला करावा आणि बंदूक आधीपासून गुडघ्यावर ठेवावी. टॉमचे डोळे डोक्याच्या बाजूला असतात, त्यामुळे जवळपास चहूकडचं दिसतं, रंगही नीट ओळखतो. छद्मवेश रंग लपवतो, हालचाल लपवत नाही. हात हलवायचाच असेल तर त्याचं डोकं खोडामागे गेलं की हलवा.

पक्षी इतका सावध का, याला इतिहास आहे. गेल्या शतकाच्या सुरुवातीला तो जवळजवळ संपला होता. खुराड्यात वाढवलेले पक्षी रानात सोडून पाहिले, ते टिकले नाहीत. १९५० च्या दशकात तोफेच्या जाळ्यानं, म्हणजे बार काढून पक्ष्यांवर उडवायच्या जाळ्यानं, पकडलेले खरेखुरे रानटी पक्षी नव्या जागी सोडले तेव्हा संख्या वाढली. आज अलास्का सोडला तर सगळ्या राज्यांत तो आहे.

बंदुकीची चूक मात्र रानात जायच्या आधीच होते. नेमबाजी न तपासता काडतुसाच्या डब्यावरच्या दाव्यावर विसंबतात. छर्ऱ्यांचा आकडा मोठा तितका छर्रा बारीक. शिशाचे ४, ५, ६ नंबर चालतात. टंगस्टनचे टीएसएस छर्रे शिशापेक्षा दीडपटीहून जड असतात, म्हणून त्यात ९ नंबरही पुरतो. कुठला चोक (छर्ऱ्यांचा झोत आवळणारं नळीचं तोंड) कुठल्या काडतुसाशी जुळतो हे प्रत्येक बंदुकीत वेगळं. चाळीस यार्डांवर मोठा कागद लावा, मधे दहा इंची वर्तुळ काढा, टेकण घेऊन एक गोळी झाडा. वर्तुळात शंभरेक छर्रे हवेत. नसतील तर पस्तीस, मग तीस यार्डांवर या. जिथे शंभर भरतात ती तुमची हद्द. पंधरा यार्डांवरही एकदा झाडून बघा. तिथे सगळा झोत तळहाताएवढा असतो, म्हणून अगदी जवळचा टॉम हुकतो. हुकण्याचं दुसरं नेहमीचं कारण म्हणजे पडतोय का बघायला गाल दस्त्यावरून उचलणं. बंदूक वर जाते, छर्रे डोक्यावरून.

नेम मानेवर, पिसं संपून लाल मांसल भाग सुरू होतो तिथे. अंगावर झाडू नका, जाड पिसांत छर्रे अडकतात आणि जखमी पक्षी पळून झुडपात मरतो. पिसारा फुलवलेला असताना मान आखूड झालेली असते, एक क्लक केला की ताठ होते. मागे दुसरा पक्षी नाही ना, ते बघा. अंतर आधीच मोजून एखादं झाड खुणेला धरा.

सुरक्षिततेबद्दल थोडं कडक बोलायला हवं. टॉमच्या डोक्यावर लाल, पांढरा, निळा हे रंग असतात. म्हणून त्यातला एकही तुमच्या अंगावर नको, मोजे, रुमाल आणि चॉकलेटचा कागदसुद्धा. ओरडणाऱ्या टॉमच्या मागे सरपटत जाऊ नका, तो आवाज दुसऱ्या शिकाऱ्याचाही असू शकतो. पेनसिल्व्हेनियात वसंतात फक्त कॉल करून बोलावण्याची मुभा आहे, पाठलाग बेकायदा. सार्वजनिक जंगलात नराचा आवाज काढू नका आणि नराचं डीकॉय, म्हणजे नकली पक्षी, लावू नका. टॉमचा पिसारा पुढे धरून त्याआड लपत सरकायचा प्रकार मला तर कुठेच मान्य नाही. दुसरा शिकारी येताना दिसला तर हात हलवू नका, शिट्टी मारू नका. न हलता मोठ्या, स्पष्ट माणसाच्या आवाजात बोला. डीकॉय असेल तर पंधरा-वीस यार्डांवर, आणि ये-जा करताना नारिंगी पिशवीत.

व्हिसाचं लक्षात ठेवा. एच-वन-बीसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर केंद्रीय कायद्यानं बंदूक आणि काडतुसं जवळ बाळगायला मनाई आहे. वैध शिकार लायसन्स हा त्यातला एक अपवाद. म्हणून आधी लायसन्स, नंतर बंदुकीला हात, रेंजवर नेम तपासायलासुद्धा. लायसन्सची मुदत संपली की अपवादही संपतो. ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई नाही. राज्याचे नियम वेगळे, ते दर वर्षीच्या पुस्तिकेत बघा. न्यूयॉर्कमध्ये वसंतातली वेळ दुपारी बारापर्यंतच असते.

कंटाळून जागा लवकर सोडणं ही चूकही फार होते. पहाटे टॉमच्या भोवती माद्या असतात, तेव्हा तो कुणाचं ऐकत नाही. मादी दिवसाला एक अंडं घालते, त्यासाठी सकाळी घरट्याकडे निघते आणि नऊ-दहानंतर टॉम एकटा पडतो. पहाटे ऐकलेली हाक तेव्हा त्याला आठवते आणि तो बहुधा न ओरडता येतो. तो गप्प झाल्यावर निदान पाऊण तास जागा सोडू नका. पाऊस थांबल्यावर टर्की उघड्या शेतात येतात, वाऱ्यात मात्र ऐकूच येत नाही.

कपड्यांना ०.५ टक्के परमेथ्रिन मारून वाळवा, कातडीला लावू नका. ईशान्येकडे गोचिडीतून लाइम रोग होतो. दक्षिण आणि पूर्वेकडच्या ‘लोन स्टार’ गोचिडीनं मटणाची अॅलर्जी लागू शकते.

पक्षी पडला की सेफ्टी लावा, चालत जा, धावू नका. नडगीच्या काट्यांपासून हात सांभाळा. जागेवरून हलवण्याआधी टॅग, म्हणजे लायसन्ससोबतची नोंदीची चिठ्ठी, भरा. मिझुरीत त्याच दिवशी रात्री दहापर्यंत नोंद करावी लागते. बऱ्याच राज्यांत नियम ‘छातीवर दाढी (केसांसारख्या पिसांचा झुबका) असलेला पक्षी’ असा असतो आणि काही माद्यांनाही दाढी असते, म्हणून डोकं बघा: मादीचं निळसर राखाडी, छातीच्या पिसांची टोकं तपकिरी. टॉमची काळी.

उन्हाळा लागत असतो, तेव्हा आतडी लगेच काढून पक्षी गार करा. छातीचं मांस चरबीविना असतं, ७४ अंश सेल्सिअसला चुलीवरून उतरवा, त्यापुढे लाकूड होतं. पाय फेकून देणारे खूप आहेत. ते कुकरमध्ये पाऊण तास ठेवा, काडीसारख्या शिरा ओढून काढा, मग काळ्या मसाल्याचा रस्सा करा.