आमच्या रक्ताचे पुढे काय झाले?

मी माडिया आदिवासी आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रात एएनएम, म्हणजे परिचारिका म्हणून रुजू झाले, त्या वर्षी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या अभ्यासासाठी बाहेरून एक चमू आला होता. भाषा येत असल्यामुळे घरोघरी मीच त्यांच्या पुढे चालले आणि माझ्याकडे पाहूनच लोकांनी हात पुढे केले. चमू नमुने घेऊन गेला. निकाल मात्र कधीच आले नाहीत. पुढे एका लसीकरणाच्या दिवशी एका आजीने विचारले, "पोरी, आमचे नेत्तुर नेले, त्याचे काय झाले?" नेत्तुर म्हणजे रक्त. माझ्याजवळ उत्तर नव्हते.

जीएनएम आणि पोस्ट बेसिक बीएस्सी हे परिचर्येतले पुढचे अभ्यासक्रम आणि नोकरी सांभाळत मिळवलेली सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, यांत दहा वर्षे गेली. तिथे आमच्याच जिल्ह्यातल्या ३९ गावांत बंग दांपत्याच्या 'सर्च' संस्थेने केलेल्या नवजात बालकांच्या घरगुती काळजीचा, १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला निबंध वाचला. नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला होता, आणि घरोघरी जाऊन ती काळजी घेणाऱ्या स्त्रिया त्याच गावांतल्या होत्या. आमच्या उपकेंद्रातल्या नोंदवह्यांकडे मी त्यानंतर वेगळ्या नजरेने पाहू लागले.

आता सिकलसेलच्या वेदनांवर मी संशोधन करते. छापील प्रश्नावलीत "गेल्या १२ महिन्यांत किती वेळा तीव्र वेदना झाल्या?" असा प्रश्न होता, आणि बहुतेकांचे उत्तर "माहीत नाही" असे येई. आमच्याकडे वर्ष मोहफुलांनी, तेंदूपत्त्याने आणि धानकापणीने मोजतात. उन्हात पाण्यावाचून दिवसभर पाने तोडली की शरीरातले पाणी घटते, विळ्यासारख्या झालेल्या रक्तपेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे ठणकू लागतात. म्हणून मी विचारले, "दुखण्यामुळे तेंदूपत्ता तोडायला किती दिवस जाता आले नाही?" बायकांनी बोटांवर दिवस मोजून दाखवले.

निकाल सांगणे मात्र प्रश्न विचारण्याहून अवघड आहे. वाहक, म्हणजे आईवडिलांपैकी एकाकडूनच हा दोष आलेली व्यक्ती, रोगी नव्हे, हे समजावण्याआधीच गावात बातमी पोहोचली तर मुलीचे लग्न मोडू शकते. त्यामुळे प्रत्येकीला तिच्या घरी, एकटीला गाठूनच सांगावे लागते. अनुदानाच्या अर्जात या फेऱ्यांचा खर्च लिहिला की तो कापला जातो, याचा मला अजूनही राग येतो.

जुन्या नमुन्यांचा पत्ता मला लागला नाही, हे मी त्या आजीला जाऊन सांगितले. नव्या संमतिपत्रावर अंगठा उठवण्याआधी तिने माझ्याकडून परत येण्याचा दिवस कबूल करून घेतला: बाजाराच्या आदल्या दिवशी, सकाळी, ती रानात जाण्यापूर्वी.