विहीर, श्याओगांग आणि इतर हक्कांतला शेरा

आजोबांनी माळाखालच्या आमच्या शेतात विहीर पाडली ती १९५९ साली. त्याआधी वीस वर्षांहून अधिक काळ ते त्याच शेतात राबत होते. ओढ्याच्या कडेला पाणी लागते हे त्यांनाच काय, साऱ्या वाडीला ठाऊक होते. पहार आणि कुदळ घरात होती, अंगात धमक होती, तरीही त्या जागी वीस वर्षांत हातभर खड्डादेखील पडला नाही. याचे कारण इतकेच की शेत त्यांचे नव्हते. ते कूळ होते आणि पुढच्या पाडव्याला जमीन आपल्याकडे राहील की नाही, याची खात्री नसलेला माणूस विहिरीसारख्या कामात दोन उन्हाळे घालवत नाही. १ एप्रिल १९५७ रोजी, म्हणजे ज्याला मुंबई कुळवहिवाट कायद्यात कृषक दिन म्हटले आहे त्या दिवशी, त्यांच्यासारखी असंख्य कुळे कसत असलेल्या जमिनीची मालक मानली गेली. पुढे न्यायाधिकरणाने किंमत ठरवली, हप्ते सुरू झाले आणि दोन वर्षांत विहिरीला पाणी लागले. माणूस तोच होता आणि माती, पाऊस, अवजारेही तीच होती. बदलला होता तो फक्त हक्क.

भांडवलशाही आणि साम्यवाद यांच्यावरच्या चर्चा मी अनेक वर्षे वाचत आलो आहे. त्यांत मालमत्तेचा प्रश्न बहुतेक वेळा वाटणीचा प्रश्न म्हणून येतो: कोणाकडे किती आहे आणि कोणाकडे किती असावे. संपत्ती मुळात निर्माण कशी होते आणि निर्माण होता होता का थांबते, हे पाहायचे असेल तर मला आजोबांच्या विहिरीइतकेच चीनमधील श्याओगांग या छोट्या गावाचे उदाहरण मोलाचे वाटते.

श्याओगांग हे आन्हुई प्रांतातील फंगयांग तालुक्यातले गाव. हा तालुका मिंग घराण्याच्या संस्थापकाची जन्मभूमी म्हणून जितका प्रसिद्ध आहे, तितकाच कमरेला ढोलके बांधून गाणी म्हणत भीक मागायला बाहेर पडणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांसाठीही. १९५८ नंतर येथील शेती कम्यूनमध्ये, म्हणजे सरकारी देखरेखीखालच्या सामुदायिक शेतीत, गेली आणि पाठोपाठ आलेल्या महादुष्काळात आन्हुई प्रांताची हानी साऱ्या देशात सर्वाधिक म्हणावी अशी झाली. दुष्काळ सरला, पण पद्धत तीच राहिली. सकाळी घंटा व्हायची, गटाने रानात जायचे, दिवसभराच्या कामाचे गुण वहीत मांडले जायचे आणि वर्षाअखेरीस त्या गुणांच्या हिशेबाने धान्याची वाटणी व्हायची. धडधाकट पुरुषाने दिवस भरला की त्याला ठरलेले गुण मिळत, मग त्याने खुरपणी मुळापासून केलेली असो की वरवर. ‘भागीचे घोडे किवणाने मेले’ ही आपली म्हण त्या शिवाराला शब्दशः लागू पडत होती. सुगी संपते न संपते तोच गावातील माणसे भिकेसाठी बाहेर पडत.

१९७८ च्या हिवाळ्यात, अवर्षणाच्या त्या वर्षी, येथील १८ कुटुंबप्रमुख एका घरात रात्री गुपचूप जमले. उत्पादन गटाचा उपप्रमुख येन होंगछांग याने एक छोटा मजकूर लिहिला आणि त्याखाली बहुतेकांनी अंगठे उठवले. जमीन घरोघर वाटून घ्यायची, प्रत्येक घराने सरकारी धान्याचा आपला वाटा भरायचा आणि पुन्हा सरकारपुढे हात पसरायचा नाही, असा तो करार होता. त्याच्या शेवटी एक वाक्य होते, जे वाचताना मी दर वेळी थांबतो: या कामापायी पुढाऱ्यांना तुरुंगात जावे लागले किंवा त्यांचा शिरच्छेद झाला, तर त्यांची मुले १८ वर्षांची होईपर्यंत बाकीच्यांनी सांभाळावीत. आज संग्रहालयात मांडलेला कागद तोच मूळचा आहे का, यावर चीनमध्येही वाद झाला आहे. पण ती भीती खरी होती, कारण जमीन घरोघर वाटणे हा तेव्हा भांडवलशाहीच्या वाटेवर जाण्याचा गुन्हा होता.

पुढच्या वर्षी, १९७९ साली, गावात सुमारे ६६ टन धान्य पिकले. १९६६ ते १९७० या पाच वर्षांत मिळून जितके पिकले होते, जवळजवळ तितके या एका हंगामात आले आणि दोन दशकांहून अधिक काळानंतर या गटाने सरकारला प्रथमच धान्य दिले. प्रांताचे पक्षप्रमुख वान ली यांनी हा प्रयोग मोडून न काढता पाठीशी घातला. मे १९८० मध्ये चीनचे सर्वोच्च नेते डंग श्याओफिंग यांनी फंगयांगचे नाव घेऊन त्याची प्रशंसा केली, १९८२ मध्ये केंद्राने या पद्धतीला मान्यता दिली आणि १९८४ पर्यंत जवळपास सारा ग्रामीण चीन तिच्याखाली आला. ‘सरकारचे भरा, गटाचे ठेवा, उरेल ते आपले’ ही त्या काळची घोषणा होती. चीनचे धान्योत्पादन १९७८ मधील सुमारे ३० कोटी टनांवरून १९८४ मध्ये सुमारे ४० कोटी टनांवर गेले. हे सारे श्रेय हक्काला देणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९७९ मध्ये सरकारने धान्याचे खरेदीभाव चांगलेच वाढवले होते, सत्तरच्या दशकात आयात केलेले खतांचे मोठे कारखाने चालू झाले होते आणि संकरित भातही पसरू लागले होते. तरीही अर्थशास्त्रज्ञ जस्टिन लिन यांच्या हिशेबाप्रमाणे त्या सहा वर्षांतील वाढीपैकी जवळजवळ निम्मी वाढ केवळ या व्यवस्थाबदलामुळे झाली.

सोव्हिएत संघाचा अनुभव याच नाण्याची दुसरी बाजू दाखवतो. सामुदायिकीकरणाच्या वर्षांत शेतकऱ्यांनी आपली गुरे गटात देण्यापेक्षा कापून खाल्ली आणि देशातील गुरांची संख्या जवळपास निम्म्यावर आली. ऑगस्ट १९३२ च्या फर्मानाने सामुदायिक रानातील कणसे उचलणेसुद्धा दहा वर्षांच्या कैदेचा, प्रसंगी मृत्युदंडाचा गुन्हा ठरवले. त्याच देशात घरामागच्या खासगी परसाला मात्र परवानगी राहिली आणि सत्तरच्या दशकात पेरणीक्षेत्राच्या जेमतेम तीन टक्के असलेली ही परसे एकूण शेती उत्पादनाचा सुमारे चौथा हिस्सा देत होती. परसातला बटाटा आणि सामुदायिक रानातला बटाटा लावणारे हात एकच होते.

येथपर्यंत भांडवलशाहीच्या बाजूने बोलणारे माझ्याशी सहमत होतील. परंतु मला श्याओगांगच्या कथेचा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो आणि तो फार कमी वेळा सांगितला जातो. या गावाबद्दल चीनमध्येच असे म्हणतात की एका वर्षात त्याने पोटापुरत्याचा उंबरा ओलांडला आणि पुढच्या वीस वर्षांत त्याला श्रीमंतीची पायरी चढता आली नाही. असे का व्हावे? शेतकऱ्याला मिळाला होता तो पिकाचा हक्क, जमिनीचा नव्हे. १९८२ च्या राज्यघटनेनुसार शहरी जमीन राज्याच्या आणि ग्रामीण जमीन गावसमूहाच्या मालकीची आहे. सुरुवातीचे करार इतके अल्प मुदतीचे होते की कोणी बांधबंदिस्ती करायला किंवा झाड लावायला धजेना, म्हणून १९८४ मध्ये मुदत १५ वर्षे आणि पुढे ३० वर्षे केली गेली. कसण्याची मुदत वाढत गेली, पण जमीन विकण्याचा अधिकार आला नाही आणि गावातले घर गावाबाहेरच्या माणसाला विकण्याचीही मुभा मिळाली नाही.

याच काळात शहरांत काय घडले ते शेजारी ठेवून पाहावे. १९९८ च्या सुमारास सरकारी आणि कारखान्यांची घरे त्यांत राहणाऱ्या कुटुंबांना स्वस्तात विकण्यात आली आणि ती घरे विकता येत होती, गहाण ठेवता येत होती. काही वर्षांतच शहरी कुटुंबाच्या संपत्तीचा कणा तेच घर झाले. गावच्या शेतकऱ्याची जमीन मात्र शहर वाढले की संपादित व्हायची. तिचा मोबदला वार्षिक उत्पन्नाच्या पटीत ठरायचा, कायद्याने त्यावर ३० पटींची मर्यादा होती आणि तीच जमीन स्थानिक सरकार नंतर लिलावात कितीतरी अधिक दराने विकायचे. २०२१ साली जमिनीच्या हक्कविक्रीतून स्थानिक सरकारांना मिळालेली रक्कम सुमारे ८.७ लाख कोटी युआन होती. देश एकच, पक्ष एकच, पण हक्क दोन प्रकारचे. आणि ज्याचा हक्क पुरा त्याच्याकडे संपत्ती, ज्याचा अर्धा त्याच्याकडे धान्य, असा हा हिशेब आहे.

१९७८ हे वर्ष आपल्याकडेही याच प्रश्नासाठी लक्षात ठेवण्यासारखे आहे. श्याओगांगचे शेतकरी अंगठे उठवत होते त्याच सुमारास आपली संसद ४४ वी घटनादुरुस्ती मंजूर करत होती, जिने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढून कलम ३०० अ मध्ये साध्या कायदेशीर हक्काच्या पायरीवर आणून ठेवला. त्याच वर्षी पश्चिम बंगालमध्ये डाव्या आघाडीच्या सरकारने ऑपरेशन बर्गा सुरू केले, सुमारे १४ लाख बटाईदारांची नोंद करून त्यांना वंशपरंपरागत कसण्याचा हक्क आणि पिकातला मोठा वाटा मिळवून दिला. पुढे अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले तेव्हा त्यामुळे भाताची उत्पादकता वाढल्याचे दिसले. म्हणजे कम्युनिस्ट म्हणवणाऱ्यांनी हक्क पक्का केला तेव्हा उत्पन्न वाढले आणि कम्युनिस्ट नसलेल्यांनी हक्क पातळ केला. नावांच्या पाट्यांवर माझा फारसा विश्वास उरलेला नाही तो यामुळे.

येथे एक गोष्ट मला टाळता येत नाही. आजोबांना मिळालेला हक्क कोणाकडून तरी काढून घेतलेला होता. जमिनीचे मूळ मालक पुण्यात नोकरी करणारे गृहस्थ होते आणि कायद्याने त्यांना द्यायची किंमत आकाराच्या, म्हणजे जमिनीवर बसवलेल्या सरकारी साऱ्याच्या, २० ते २०० पट या मर्यादेत बांधून टाकली होती. आमच्या शेताचा आकार ७ रुपये ४० पैसे, तेव्हा जास्तीत जास्त १,४८० रुपये, तेही हप्त्यांनी. कसणाऱ्याला जमीन मिळणे मला आजही योग्य वाटते, कारण पिढ्यान्‌पिढ्या जी माणसे मातीत राबली त्यांच्या घामाची नोंद त्याआधी कोठेच नव्हती. पण हक्काच्या पावित्र्याबद्दल लिहिताना माझ्या घराची सुरुवात कोठून झाली हे मी झाकून ठेवले, तर पुढचे लिहिण्याचा मला अधिकार राहणार नाही.

शिवाय आजोबांना मिळालेला हक्कही पुरा नव्हताच. कुळाने जमीन खरेदी केल्याचे, कलम ३२ म चे प्रमाणपत्र हाती आले, सातबाऱ्यावर नाव लागले, पण इतर हक्कांच्या रकान्यात एक शेरा पडला: ‘कलम ४३ च्या बंधनास पात्र’. कुळवहिवाट कायद्याच्या या कलमानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ही जमीन विकता, बक्षीस देता किंवा अदलाबदल करता येणार नाही, असा त्याचा अर्थ. कुळाने जमीन मिळताच ती सावकाराच्या घशात घालू नये हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा होता. मात्र तो हेतू अर्धशतक लोटल्यावरही नातवंडांच्या पायात अडकून राहिला. आमच्या काकांना नव्वदच्या दशकात एक एकर विकून हळदीच्या धंद्यात पैसा घालायचा होता. त्यांनी परवानगीसाठी अर्ज केला, तीन-चार वर्षे हेलपाटे घातले आणि शेवटी नाद सोडला. जमीन त्यांची होती, पण तिच्यातले भांडवल त्यांचे नव्हते. चीनच्या शेतकऱ्याची अवस्था मी पुस्तकात वाचली तेव्हा मला ती परकी वाटली नाही ती याचमुळे.

२०१४ मध्ये कलम ४३ मध्ये दुरुस्ती झाली. खरेदीला दहा वर्षे उलटली असतील तर आकाराच्या ४० पट रक्कम भरून परवानगीविना व्यवहार करता येईल, अशी तरतूद आली. काकांनी चलन भरले ते २९६ रुपयांचे. पावती त्यांनी मला दाखवली तेव्हा ती त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवघरातल्या फळीवर ठेवलेली होती. फेरफार मंजूर झाला, नवा सातबारा निघाला आणि इतर हक्कांतला तो शेरा कंस करून कमी झालेला दिसला. त्यानंतर त्यांनी ओढ्यापलीकडचा एकर शेजारच्या शेतकऱ्याला विकला आणि हळद शिजवण्याचा बॉयलर व पॉलिशचा ड्रम घेतला. आता दर वर्षी काढणीनंतर वाडीतील निम्म्याहून अधिक हळद आमच्या खळ्यावर शिजते. बॉयलरला पाणी आजोबांच्याच विहिरीचे लागते आणि ऐन हंगामात काकांकडे पाच माणसे कामाला असतात.