तुम्ही विचारलंत म्हणून: दुष्काळात वाइनरी सुचली कशी?

लग्नात भेटा, बँकेत भेटा, प्रश्न तोच, की प्यायला टँकर येतोय अन् तुम्ही औशाकडं वाइनरी काय चालवायलेत?

तर पाणी नव्हतं म्हणूनच सुचली. आज्जानं लावलेली बाग थॉम्सनची, म्हणजे खायच्या बिनबियांच्या द्राक्षाची, किल्लारीच्या भूकंपाच्या आधीची. खायचं द्राक्ष म्हणजे विरळणी करा, घड जीएत, म्हणजे मणी वाढवायच्या संजीवकात, बुडवा, मणी फुगवा, अन् मणी फुगतो पाण्यावर, तेच आमच्याकडं कायम कमी. वाइनच्या द्राक्षाचं उलटं. शिराझ घ्या नाहीतर कॅबरने, मणी बारीक अन् बियांचाच बरा, कारण लाल वाइनचा रंग अन् तुरटपणा येतो सालीतून, गरातून नाही. पिकताना पाणी जास्त झालं तर रस पांचट होतो. माल कमी निघतो हे खरं, पण मजुरीही कमी.

2001 ला सरकारचं द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आलं, विंचूर अन् पलूसला वाइन पार्क निघाले, त्या हवेत बापूंनी, म्हणजे वडलांनी, अर्धी बाग मोडून डॉगरीज खुंटावर, म्हणजे कमी पाण्यात तगणाऱ्या मुळाच्या वेलावर, शिराझचं कलम बांधलं. माल एका कंपनीला जायचा. 2008-09 ची मंदी आली अन् त्यांनी पैसे थकवले. त्या दोन-तीन वर्षांत राज्यात कितीतरी जणांनी वाइनच्या बागांवर कुऱ्हाड चालवली, बापूंनी मात्र कर्ज काढून शेड ठोकलं अन् स्टीलच्या टाक्या आणल्या. (माझ्या मते तेव्हा हा येडेपणाच होता.) आज्जा माळकरी, त्यांची एकच अट, देव्हाऱ्यासमोरून बाटली जायची नाही, म्हणून शेडचं दार अजूनही रस्त्याच्या बाजूला आहे, ट्रक वळवताना ड्रायव्हर शिव्या देतात.

खरी गंमत पुढं. वेल कमी पाण्यावर तगतो, वाइनरी नाही तगत! टाक्या, पाइप, क्रेट, सगळं सारखं धुवावं लागतं. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी यायलं होतं, त्या साली खुंटामुळं वेल जगले पण टाक्या कशानं धुवायच्या, मग निम्मा माल तसाच विकला. शेततळं त्यानंतरचं. अन् पांढऱ्या वाइनचा रस पंधराएक डिग्रीत आंबवायचा असतो, तोही आमच्या मार्चच्या उन्हात, लाइट गेली की जनरेटर, डिझेल, परत बापूंची चिडचिड.

आता विचाराल परवडतं का. बेदाण्यापेक्षा परवडतं, बँकेचं व्याज धरलं नाही तर.